'सगळं नॉर्मल आहे' म्हणजे नेमकं काय? एका शब्दाची गोष्ट



माझ्या नाशिकच्या दवाखान्यात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला जात असेल? ताप नाही, शुगर नाही, बीपीही नाही. तो शब्द आहे 'नॉर्मल'. पेशंट आत येतो, फाइल टेबलावर ठेवतो आणि बसायच्या आधीच विचारतो, "डॉक्टर, नॉर्मल आहे ना सगळं?" सुरगाण्याहून आलेली आजी असो की अंबडच्या कंपनीतला इंजिनिअर, शब्द हाच. त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची गरजही आता कुणाला वाटत नाही.

आणि मीही दिवसातून वीस-पंचवीस वेळा म्हणतो, "हो, नॉर्मल आहे." पेशंटचा चेहरा खुलतो आणि तो घरी जातो.

पण कधी कधी एखादा पेशंट जात नाही. खुर्चीतच बसून राहतो आणि म्हणतो, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला होतंय ते काय आहे?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर या शब्दाचा थोडा इतिहास माहीत असायला हवा. म्हणून आज एखाद्या आजाराबद्दल न लिहिता या शब्दाबद्दलच लिहितोय. शेवटपर्यंत वाचा. तुमची पुढची फाइल वाचताना उपयोग होईल.

सुताराच्या हातातला गुण्या

'नॉर्मल' हा शब्द वैद्यकात जन्मला नाही. तो आला सुतारकामातून. लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. आपले सुतार आणि गवंडी त्याला गुण्या म्हणतात. चौकट बसवताना कोपऱ्यात गुण्या लावून बघतात. कोपरा बरोबर बसला तर काम 'गुण्यात' आहे, नाहीतर नाही.

म्हणून भूमितीत 'नॉर्मल' म्हणजे काटकोनात असलेली रेषा, लंब. तुमच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर विचारून पाहा. त्याच्या पुस्तकात आजही नॉर्मलचा हाच अर्थ आहे.

म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ झाला 'बरोबर'. जसं असायला हवं तसं. किती घरांच्या चौकटी वाकड्या आहेत याच्याशी गुण्याला देणंघेणं नसतं. गावातल्या सगळ्या चौकटी वाकड्या निघाल्या तरी काटकोन ९० अंशांचाच राहतो.

हाच अर्थ पुढे शाळेत गेला. १७९४ साली फ्रान्समध्ये शिक्षक घडवण्यासाठी एक संस्था काढायचं ठरलं. तिचं नाव 'एकोल नॉर्माल', म्हणजे नमुना घालून देणारी शाळा. तिथून 'नॉर्मल स्कूल' हे नाव युरोप-अमेरिकेत आणि मग भारतात आलं. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत पुण्याच्या ज्या नॉर्मल स्कूलमधल्या प्रशिक्षणाचा उल्लेख येतो, तिथला 'नॉर्मल' हाच. त्याचा अर्थ 'साधी शाळा' असा नव्हता. 'कसं शिकवावं याचा आदर्श देणारी शाळा' असा होता.

खगोलशास्त्रज्ञाची सरासरी

मग या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला कधी? एकोणिसाव्या शतकात.

ॲडॉल्फ केटले नावाचे एक बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांच्या जागेची मोजमापं घेताना प्रत्येक वेळी थोडी चूक होते, म्हणून बरीच मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढतात. केटले यांनी हीच रीत माणसांना लावली. १८३५ साली त्यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीचे घेर त्यांनी मांडून पाहिले. बहुतेक सैनिक मधल्या आकड्याच्या आसपास होते, आणि अगदी बारीक किंवा अगदी रुंद छातीचे थोडे. आलेख घंटेच्या आकाराचा झाला. पुढे गॅल्टन आणि पिअर्सन या इंग्रज शास्त्रज्ञांमुळे या आलेखाला 'नॉर्मल कर्व्ह' हे नाव रूढ झालं.

इथे एक घोटाळा झाला. केटले यांना वाटत होतं की सरासरी माणूस हाच निसर्गाचा आदर्श, आणि बाकी सगळे म्हणजे निसर्गाचा थोडा थोडा चुकलेला नेम. त्यामुळे गुण्याचा 'बरोबर' आणि गर्दीचा 'नेहमीचा' हे दोन वेगळे अर्थ एकाच शब्दात कोंबले गेले. साधारण त्याच काळात फ्रेंच डॉक्टर शरीराच्या निरोगी अवस्थेला 'नॉर्मल' म्हणू लागले होते. तो झाला तिसरा अर्थ.

म्हणजे आज तुम्ही 'नॉर्मल आहे का?' असं विचारता तेव्हा खरं तर तीन प्रश्न एकदम विचारता. हे बरोबर आहे का? हे बहुतेकांचं असतं तसंच आहे का? आणि मी निरोगी आहे का? या तिन्हींची उत्तरं दर वेळी सारखी नसतात.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. हवामान खातं म्हणतं, यंदा मान्सून नॉर्मल. त्याचा अर्थ देशाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. पण इगतपुरीत घाटावर धो धो कोसळणारा पाऊस आणि येवल्यात ढगांकडे बघत बसलेला शेतकरी, दोघेही याच आकड्यात असतात. येवल्याच्या माणसाला 'पाऊस नॉर्मल आहे' असं सांगितलं तर तो काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या रिपोर्टचंही असंच असतं.

९८.६ कुठून आलं?

नॉर्मल आकड्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आकडा तापाचा. जर्मनीत लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून असंख्य नोंदी केल्या आणि १८६८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. फॅरनहाइटमध्ये ते होतं ९८.६. दशांश चिन्हानंतरचा तो ६ बघून आकडा फार काटेकोर वाटतो. प्रत्यक्षात तो फक्त रूपांतरातून आलेला आहे.

वुंडरलिश यांनी स्वतः तापमान दिवसभर बदलतं, पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, हेही लिहून ठेवलं होतं. लोकांनी आकडा लक्षात ठेवला आणि ही गोष्ट विसरली. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी तरुणांचं तापमान तोंडात थर्मामीटर धरून पुन्हा मोजलं गेलं. सरासरी आली ९८.२, आणि नेमका ९८.६ हा आकडा आला जेमतेम ८ टक्के वेळा.

म्हणून संध्याकाळी ९९ भरलं की रात्री अकराला फोन करणाऱ्या आई-बाबांना मी सांगतो, मूल खेळतंय का, खातंय का, ते आधी बघा. आणि उलटंही लक्षात ठेवा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना न्यूमोनिया झाला तरी कधी कधी ताप चढतच नाही. ते नुसते मलूल होतात, असंबद्ध बोलतात, जेवण सोडतात. तिथे 'ताप नॉर्मल आहे' म्हणून थांबणं धोक्याचं.

वीस तपासण्या केल्या तर?

आता रिपोर्टच्या कागदाकडे येऊ. प्रत्येक आकड्यासमोर एक पट्टा छापलेला असतो, 'इतके ते इतके'. हा पट्टा कसा ठरतो? बरेच निरोगी लोक घेतात, त्यांची तपासणी करतात, आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात तो पट्टा छापतात. म्हणजे वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के निरोगी लोक व्याख्येनेच पट्ट्याबाहेर जातात. आजार असो वा नसो.

आता तुम्ही 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज घेतलं आणि त्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या आहेत असं समजा. पूर्ण निरोगी माणसाचे वीसच्या वीस आकडे पट्ट्यात बसण्याची शक्यता फक्त ३६ टक्के. म्हणजे १०० धडधाकट माणसांपैकी ६४ जणांच्या रिपोर्टमध्ये एखादा तरी आकडा ठळक छापून येणार! कंपनीच्या तपासणीनंतर असा एखादा ठळक आकडा घेऊन रात्रभर न झोपलेली तरुण मुलं माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा त्यांना औषध लागत नाही, हे गणित समजावून सांगावं लागतं. ठळक आकडा डॉक्टरांना दाखवा जरूर, पण घाबरून नाही.

हा घोटाळा तज्ज्ञांच्याही लक्षात आला होता. १९६९ मध्ये ग्रासबेक आणि सारिस या फिनलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी सुचवलं की 'नॉर्मल व्हॅल्यू' म्हणणंच सोडून द्या, 'रेफरन्स व्हॅल्यू' म्हणा. म्हणजे फक्त तुलनेसाठी दिलेला आकडा. तुमच्याकडे चांगल्या लॅबचा रिपोर्ट असेल तर काढून बघा. त्यावर 'नॉर्मल रेंज' ऐवजी 'बायोलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल' असं छापलेलं दिसेल. कागदावरून शब्द गेला, आपल्या तोंडातून काही गेला नाही.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. आकडा पट्ट्यात आहे म्हणून सगळं ठीक असं नाही. क्रिएटिनीन १.१ हा आकडा बहुतेक लॅबच्या पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी काठावर बसतो. २५ वर्षांच्या तरुणाला तो आला तर हिशेबाने मूत्रपिंडांचं काम साधारण ९५ येतं, म्हणजे उत्तम. तोच १.१ जर ७५ वर्षांच्या बारीक आजींना आला तर काम येतं ५२ च्या आसपास. कागदावर आकडा एकच, पण आजींच्या वेदनाशामक गोळ्या आता विचार करूनच द्यायला हव्यात.

सरकणारी रेषा

शिवाय ही रेषा एका जागी राहत नाही. 'वय अधिक १०० म्हणजे नॉर्मल बीपी' हा जुना हिशेब तुमच्या आजोबांनी ऐकला असेल. वयाबरोबर बहुतेकांचं बीपी वाढतं, म्हणून वाढलेलं बीपी नॉर्मल! इथे 'नेहमीचं' ते 'बरोबर' झालं. इतकंच काय, कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाला इंग्रजीत आजही 'इसेन्शियल' म्हणतात, म्हणजे आवश्यक. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला एवढा दाब लागतोच, अशी एकेकाळी समजूत होती.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९४१ मध्येच १८८/१०५ होतं. त्यांची प्रकृती वयाच्या मानाने चांगली आहे असंच सांगितलं जात होतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हाचं नोंदलेलं बीपी ३००/१९०. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला त्या काळात याहून बरं उपचार मिळू शकले नाहीत, कारण औषधं जवळजवळ नव्हती आणि धोक्याची नीट जाणीवही नव्हती. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम या गावात हजारो लोकांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू झाला. १९६७ मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरच्या अभ्यासातून औषधांनी गंभीर परिणाम टळतात हे सिद्ध झालं. मग रेषा हळूहळू खाली सरकली. आज आपण साधारण १४०/९० पासून उच्च रक्तदाब म्हणतो. अमेरिकेतल्या दोन मोठ्या संघटनांनी २०१७ मध्ये ती रेषा १३०/८० वर आणली.

साखरेचंही तेच. १९७९-८० पासून उपाशीपोटी १४० किंवा जास्त असेल तर मधुमेह, असं ठरलेलं होतं. पण डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम त्याच्या बरेच खाली, १२६ च्या आसपासच दिसू लागतात, असं अभ्यासांतून पुढे आलं. म्हणून १९९७ मध्ये रेषा १२६ वर आणली गेली.

ही शेवटची तारीख मला वाचून माहीत नाही, ती माझ्या घरात घडली आहे.

अण्णांचा कागद

माझे वडील शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५४ किलो, आयुष्यभर. रोज पहाटे गोदाकाठाने चालून यायचे. गोड फारसं खात नसत. हातपाय काटकुळे, सदऱ्याखाली थोडंसं पोट. अशा माणसाला शुगर होईल असं कुणाला वाटलं असतं?

१९९६ मध्ये मोतीबिंदूच्या निमित्ताने त्यांची साखर तपासली. उपाशीपोटी १३२. मी नुकताच एमडी झालो होतो. कागद बघितला आणि म्हणालो, "अण्णा, नॉर्मल आहे." तेव्हाच्या रेषेनुसार मधुमेह नव्हता, हे खरं. पण काठावरच्या आकड्याला ग्लुकोज पाजून पुढची तपासणी करायची असते, हे मला शिकवलेलं होतं. मी ती केली नाही, कारण ते बारीक होते.

पुढच्या वर्षी रेषा १२६ वर आली. मी ते वाचलं आणि पेशंटना नव्या रेषेने तपासायला लागलो. अण्णांचा जुना कागद मात्र पुन्हा काढून पाहिला नाही.

१९९९ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा अंगठा घासून जखम झाली. त्यांना ती दुखतच नव्हती, म्हणून त्यांनी सांगितलीही नाही. साखर निघाली ३१०. दोन महिने ड्रेसिंग चाललं, शेवटी अंगठा काढावा लागला. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. नंतर एकदा त्यांची फाइल चाळताना तो १९९६ चा कागद दिसला. तारखेनुसार नीट लावून ठेवलेला होता.

पुण्याचं उत्तर

बारीक माणसाला मधुमेह का होतो, याचं एक मोठं उत्तर आपल्या पुण्यातून आलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण लहानखुऱ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसायचं आणि आतून चरबी बाळगायची, ही सुरुवात जन्माआधीच होते.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघंही 'नॉर्मल'. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! एका फोटोने बीएमआयच्या आकड्याची मर्यादा दाखवून दिली.

या बीएमआयचं मूळ सूत्र कुणाचं, माहीत आहे? वर आलेल्या त्याच केटले यांचं. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं. युरोपातल्या सरासरी माणसाचा गुण्या आपण नाशिकच्या माणसाला लावत होतो.

त्यानंतर २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या रेषा सुचवल्या. बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच जास्त वजन धरा, २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. अण्णांचा बीएमआय होता २०.४. या नव्या रेषेतही ते बसले असते. म्हणून मी आता वजनकाट्याबरोबर टेपही ठेवतो, आणि पोट मोजल्याशिवाय कुणाला 'बारीक आहात, काळजी नको' असं म्हणत नाही.

सर्रास म्हणजे नॉर्मल नव्हे

'नेहमीचं' आणि 'बरोबर' यांची गल्लत सर्वांत जास्त सोसतात आपल्या बायका. द्राक्षाच्या बागेत काम करणारी एक ताई येते. दम लागतो, पाय ओढतात, केस गळतात. हिमोग्लोबिन ९. सोबतची सासू म्हणते, "आमच्याकडे सगळ्या बायकांचं एवढंच असतं, नॉर्मल आहे ते." ती खोटं बोलत नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पण म्हणून ते बरोबर होत नाही. गावातल्या सगळ्या चौकटी वाकड्या असल्या तरी काटकोन ९० चाच, हे आठवा. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ आणि गरोदर स्त्रीला ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, त्याला उपचार हवेत. पाळीचा अतिरेकी रक्तस्राव, सततचं पाठदुखीचं दुखणं, रात्रीचं मोठ्याने घोरणं, हेही 'घरात सगळ्यांनाच आहे' म्हणून सोडून देऊ नका.

याच्या उलट 'नॉर्मल डिलिव्हरी'. आपल्या आज्यांकडे शब्द होता 'बाळंतपण'. तो सुखरूप झालं की नाही एवढंच विचारायचा. आता पहिला प्रश्न, "नॉर्मल की सिझेरियन?" गरज म्हणून सिझर झालेल्या मुली माझ्याकडे येऊन अपराध्यासारख्या सांगतात, "माझी नॉर्मल नाही झाली." इथे गुण्याचा अर्थ नकळत लावला जातो, जणू ती परीक्षेत नापास झाली. नैसर्गिक प्रसूती शक्य असेल तर ती उत्तमच. पण बाळ-बाळंतीण सुखरूप असतील तर कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आणि 'नॉर्मल सलाईन'? नावात नॉर्मल, पण ते ना रसायनशास्त्राच्या अर्थाने नॉर्मल, ना रक्तासारखं. रसायनशास्त्राच्या व्याख्येने एका लिटरला ५८.५ ग्रॅम मीठ हवं. यात असतं ९ ग्रॅम. रक्तात सोडियम १३५ ते १४५ असतं, यात १५४. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. तेव्हा थकवा आला म्हणून "एक सलाईन लावा, ताकद येईल" असं म्हणण्याआधी विचार करा. ताकद येईल असं त्यात काही नसतं.

आपल्या भाषेत आधीपासून काय होतं?

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की आपण एकमेकांना कधी 'नॉर्मल आहात का?' असं विचारत नव्हतो. आपण विचारतो, "प्रकृती कशी आहे?" प्रकृती म्हणजे स्वभाव, मूळ घडण. "तब्येत कशी आहे?" हा शब्द अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ स्वभावच. आणि 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या जागी असलेला. तिन्ही शब्दांत तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःशी आहे. म्हणजे 'तुझं जे मूळ आहे, त्यात तू आहेस का?'

आधुनिक वैद्यकही आता याच दिशेने बघतं. ज्या आजींचं क्रिएटिनीन पाच वर्षांपूर्वी ०.६ होतं आणि आज १.१ आहे, त्यांचे दोन्ही आकडे कदाचित पट्ट्यात असतील. पण मधल्या काळात मूत्रपिंडांचं काम बरंच घटलं. हे लॅबच्या पट्ट्यावरून कळत नाही, आजींच्याच जुन्या कागदावरून कळतं.

मग तुम्ही काय करायचं?

१. जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेनुसार लावून ठेवा आणि दर वेळी सोबत आणा. तुमचा स्वतःचा जुना आकडा हा तुमचा सर्वांत चांगला नॉर्मल.

२. डॉक्टरांना 'नॉर्मल आहे ना?' एवढंच विचारून थांबू नका. 'माझ्या वयाला, माझ्या अंगकाठीला आणि माझ्या घरातल्या आजारांचा विचार करता हा आकडा ठीक आहे ना?' असं विचारा.

३. आकडा काठावर असेल तर पुन्हा कधी तपासायचा ते विचारून तारीख कागदावरच लिहून घ्या.

४. पट्ट्याबाहेरच्या एका आकड्याने घाबरू नका, आणि पट्ट्यातल्या आकड्याने त्रास दाबून ठेवू नका. रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास होत असेल तर तो त्रास खराच आहे. फक्त त्याचं उत्तर त्या कागदावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा या, पुन्हा सांगा.

५. बारीक असलात तरी कमरेला टेप लावा. घरात कुणाला मधुमेह असेल तर तिशीनंतर साखर तपासत राहा.

मीही एक बदल केला आहे. 'नॉर्मल आहे' एवढंच सांगून मी आता कागद परत देत नाही. आधीचा कागद मागतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि मग बोलतो. त्याला पेशंटमागे दोन मिनिटं जास्त लागतात, आणि बाहेर बसलेले लोक कुरकुरतात. तुम्हीही कधी त्या बाकावर असाल, तर तेवढी दोन मिनिटं समजून घ्या.

काळजी घ्या, स्वस्थ राहा.

(टीप : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. यावरून स्वतःची औषधं सुरू किंवा बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)